माझ्या काळजाला न लागलेली कट्यार

‘कट्यार काळजात घुसली’ मी तीन वेळा पाहिली. एकदा नाटक, दोनदा चित्रपट. तिन्ही वेळा माझ्या डाव्या-उजव्या खुर्चीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला, मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं दाद दिली, आणि मी मात्र शेवटाकडे येता येता एकच विचार करत होते, की ह्या उमेचं आता पुढं काय? तिसऱ्या वेळेला थोरल्या जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं. “अगं, तुला काहीच कसं होत नाही?” गाणं ऐकून होतं की! गाणं ऐकताना अंगावर काटा येतो. गोष्ट बघताना येत नाही. का येत नाही ते एकदा नीट बसून लिहावं असं फार दिवस मनात होतं.

आमच्या भागात हे लिहिणं सोपं नाही बरं का. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं, पण माणूस आमच्याकडचा, हे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. इथं घरात कानडी आणि मराठी दोन्ही नांदतात, नाट्यपदांवर मात्र दोन्ही भाषांचं एकमत असतं. शिवाय ‘कट्यार’च्या संगीतामागं गोवा आहे. जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, आणि सदाशिवाची भूमिका गाजवणारे प्रसाद सावकारही गोव्याचेच. म्हणजे चोर्ला घाट उतरलं की ‘कट्यार’चं माहेर. अशा मुलखात राहून ‘मला ती भिडत नाही’ म्हणणं म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत बसून वरण अळणी आहे म्हणण्यासारखं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. विश्रामपूर नावाचं एक संस्थान. तिथले राजगायक पंडित भानुशंकर. त्यांना आव्हान देणारे खाँसाहेब आफताब हुसेन. जो जिंकेल त्याला राजगायकाचं पद, हवेली आणि एक कट्यार. ही कट्यार साधी नाही; तिनं केलेला एक खून राजगायकाला माफ. पंडितजी हरतात, निघून जातात. त्यांच्याकडून गाणं घ्यायला आलेला सदाशिव मग खाँसाहेबांच्याच हवेलीत शिरतो, नोकर बनून राहतो आणि त्यांचं गाणं कानांनी वेचत जातो. पंडितजींची मुलगी उमा, खाँसाहेबांची मुलगी झरीना. आणि ह्या सगळ्याला साक्षी असलेले कविराज बाँकेबिहारी. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी हे नाटक लिहिलं, १९६७ साली ते रंगभूमीवर आलं. सुबोध भावे यांनी २०१५ च्या दिवाळीत त्याचा चित्रपट केला आणि घराघरांत पुन्हा तीच गाणी सुरू झाली.

गाण्यांबद्दल माझं काहीही भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कुणी वाचायचं नाही. अभिषेकीबुवांनी ह्या नाटकात एक गोष्ट केली ती मला आजही थक्क करते. ‘घेई छंद’ हे एकच पद त्यांनी दोन चालींत बांधलं. शब्द तेच, पण पंडितजींच्या तोंडी ते संथ, अदबशीर, आणि खाँसाहेबांच्या तोंडी तेच उसळणारं, आव्हान देणारं. दोन माणसांचे स्वभाव, दोन घराण्यांची रीत, कुठलंही भाषण न करता समजते. माझ्या माहितीत मराठी रंगभूमीवर ह्याहून नेमकं व्यक्तिचित्रण गाण्यातून कुणी केलेलं नाही. चित्रपटात शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांनी ही दोन्ही रूपं गायली. महेश काळ्यांना ह्याच चित्रपटातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे सगळं ज्याच्या त्याच्या मानाचं आहे.

मला वाटतं, आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ‘कट्यार’ बघण्याआधी कित्येक वर्षं ऐकलेली असते. आमच्याकडे आकाशवाणीचं सांगली केंद्र लागायचं, वाऱ्याची दिशा बरी असली की धारवाडही. सकाळी आई दूध तापवतेय, वडील दाढी करतायत आणि वसंतरावांची तान घरभर फिरतेय, असं ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना नाट्यगृहात ते पद सुरू झालं की रडू येणारच. ते रडू स्वयंपाकघरातल्या चुलीजवळचं आहे, गेलेल्या वडलांचं आहे. त्यात नाटकाचा वाटा किती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नसतं. मी विचारते, कारण मला तीच सकाळ आठवते आणि तरीही पडद्यावरच्या हवेलीत माझं मन शिरत नाही.

वसंतराव देशपांड्यांचीच गोष्ट घ्या. खाँसाहेबांची भूमिका त्यांनी केली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. कितीतरी वर्षं त्यांनी सरकारी हिशेबखात्यात नोकरी करत गाणं सांभाळलं होतं. त्यांना वाढवलं त्यांच्या आईनं, एकटीनं, नागपुरात. आणि गाणं ते एका घराण्याचं गात नव्हते. अनेक उस्तादांकडून, अनेक वाटांनी त्यांनी ते मिळवलं होतं. आता गंमत बघा. आईनं एकटीनं वाढवलेला, कुठल्याही एका घराण्याचा शिक्का न लावून घेतलेला हा गायक रंगमंचावर उभा राहतो तो घराण्याच्या अभिमानाचा पुतळा होऊन! आणि ज्या नाटकात तो उभा राहतो त्यात आईला जागा नाही, आणि विद्या बाईच्या हातून पुढं जाऊ शकते ही शंकासुद्धा कुणाच्या मनात येत नाही. नटाचं आयुष्य नाटकापेक्षा मोठं होतं असं मला त्या वेळी वाटलं, आणि आजही वाटतं.

बाईला जागा नाही म्हटलं, पण एक जागा आहे. चित्रपटात पंडितजींचा आवाज जातो तो शेंदूर खाऊ घातल्यामुळं, आणि ते काम करते खाँसाहेबांची बायको. साक्षी तन्वर यांनी ती भूमिका समजून केलीय, त्यांच्याबद्दल प्रश्न नाही. पण हिशेब बघा कसा होतो. हरत आलेला नवरा, त्याचा अपमान, त्याची जळजळ; पाप मात्र बायकोच्या नावावर. खाँसाहेबांचा अहंकार मोठा दाखवायचा, पण हात स्वच्छ ठेवायचे, म्हणून मळ घ्यायला एक बाई आणायची. आपल्या आज्या सांगायच्या त्या कथांत असंच असे. राजा भला, राणी कपटी. मला वाटलं होतं २०१५ साली तरी त्यातून सुटका होईल.

पंडितजींच्या क्षमेबद्दल मात्र मला जपून लिहिलं पाहिजे. दशलक्षण पर्वात आपण पहिल्याच दिवशी उत्तम क्षमा म्हणतो. ज्यानं आपला आवाज गेला त्याच्याबद्दल चकार शब्द न काढता एक माणूस निघून जातो, ह्यावर आपल्या बस्तीतल्या बायकांनी तरी डोळे पुसावेत, अशी अपेक्षा असणार. मंडळातल्या एकीनं मला तसं म्हटलंही, “हे तर आपल्यातलंच झालं, नाही का?” नाही झालं हो. आपल्याकडे घर सोडणाऱ्यानं घरच्यांची अनुमती घ्यायची असते, सगळ्यांची क्षमा मागायची असते, मागं राहणाऱ्यांची व्यवस्था लावायची असते. बाहुबलींनीसुद्धा राज्य मुलाच्या हाती सोपवलं आणि मगच वनाची वाट धरली, असं आदिपुराण सांगतं. पंडितजी जातात तेव्हा वयात आलेली मुलगी मागं ठेवून जातात. तिला काय वाटलं ते विचारायला गोष्ट थांबत नाही. लगेच सदाशिव येतो आणि आपण त्याच्या मागं लागतो. ह्या मौनाला क्षमा म्हणायला मन घेत नाही. हरलेल्या पुरुषाचा तो मान आहे, आणि तो मान राखण्याचा खर्च उमेनं भरलाय.

बाहुबलींचं नाव निघालंच आहे तर शेवटाबद्दलही बोलून घेते. खाँसाहेबांना कळतं की नोकर म्हणून राहिलेला हा मुलगा पंडितजींच्या वाटेवरचा आहे. ती कट्यार उगारली जाते, सदाशिव गातो आणि वार होत नाही. इथं सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसतं. मला त्या क्षणी भरत-बाहुबली आठवले. सैन्य मरू नये म्हणून दोघा भावांनी आपसातच द्वंद्व करायचं ठरवलं. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली जिंकले. हरलेल्या भरतानं चक्र सोडलं, ते बाहुबलींना प्रदक्षिणा घालून परत फिरलं. आणि मग जिंकलेल्यानं राज्य सोडलं. कुंभोजच्या डोंगरावर अठ्ठावीस फुटांची ती मूर्ती बघताना दर वेळेला मला हेच जाणवतं, की इथं जिंकलेला माणूस उभा आहे आणि त्यानं काहीही घेतलेलं नाही. ‘कट्यार’मध्ये जिंकणारा हवेली घेतो, पद घेतो, शस्त्र घेतो, वर्षानुवर्षं ठेवतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत एका गाण्यानं विरघळतो. लहानपणापासून ती दुसरी गोष्ट ऐकत आलेल्या बाईला ही थोडी कमी पडणारच. आणि एक खून माफ असलेलं शस्त्र गायकाला बक्षीस द्यायचं ही कल्पना ज्या राजाच्या डोक्यातून आली, त्या राजाला नाटकात कुणी दोन शब्द सुनावत का नाही, हेही मला कळलेलं नाही. सगळा दोष गायकांच्या स्वभावावर जातो. राजा आपला न्यायी तो न्यायीच.

पण माझं खरं अडतं ते वारशाशी.

‘कट्यार’चा जीव ज्या प्रश्नात आहे तो असा: पंडितजींचं गाणं बंद पडलं, आता विद्या कुणाकडे जाणार? खाँसाहेब आपलं गाणं दुसऱ्याला देतील का? ह्या एका प्रश्नासाठी सदाशिवानं नोकर व्हायचं, भांडी घासायची, दाराआडून ऐकायचं. कष्ट करून, चोरून शिकणारा शिष्य हा आपल्याला फार आवडतो. पण दाराआडून ऐकणं ही पुरुषांची अपूर्वाई कधीपासून झाली? त्या हवेलीत जन्मापासून ते गाणं ऐकत असलेली मुलगी आहे, झरीना. नाटकात तिच्या वाट्याला पद आहे आणि फैयाज यांनी ते गाऊन अमर केलं. म्हणजे गळा आहे, कान आहे, तालीम घरातच चाललीय. उमा तर साक्षात पंडितजींच्या मांडीवर वाढलेली. दोन घराण्यांच्या दोन मुली, दोघींच्या कानात जन्मभराचं गाणं, आणि वारस शोधायला माणसं गावाबाहेर बघतात! मी तिन्ही वेळा हेच बघत बसले. एका खोलीत पाण्यानं भरलेले दोन हंडे आहेत आणि सगळे जण तहानेनं व्याकुळ होऊन विहीर खणतायत.

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. मला हे उत्तर मुळीच पटत नाही, कारण तो काळ आमच्या आसपासच घडलाय आणि तो तसा नव्हता.

अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी होते. त्याआधी तरुणपणी एका संस्थानात राजाच्या हौसेपायी इतकं गावं लागलं की त्यांचा आवाज गेला. खरोखरीच्या खाँसाहेबांचा आवाज गेला, बघा! परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. ते गाव सोडून गुप्त झाले नाहीत. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, तीच आपण आज जयपूर-अत्रौली म्हणून ऐकतो. आणि ही गायकी त्यांनी दिली कुणाला? गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंना. गोव्यातल्याच कुर्डीच्या मोगूबाईंना. उपचारासाठी सांगलीत आलेले असताना खाँसाहेबांनी रियाज करणाऱ्या एका मुलीचा आवाज ऐकला आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. समोर बसलेला म्हातारा कोण आहे हे त्या पोरीला ठाऊकसुद्धा नव्हतं. (ते कुर्डी गाव आता साळावलीच्या धरणाखाली आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचे चौथरे वर येतात आणि जुने गावकरी जमतात.) मोगूबाईंनी ती विद्या मुलीला दिली. १९६७ साली ‘कट्यार’चा पडदा वर गेला तेव्हा ही मुलगी, किशोरी आमोणकर, पस्तिशीच्या आसपास होती आणि गात होती. दहा वर्षांनी अमेरिकेनं व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली, त्यांतल्या तबकडीवर भारताचा म्हणून जो आवाज गेला, तो केसरबाईंचा. कुठल्या राजाच्या कट्यारीपेक्षा मोठा मान झाला तो!

अब्दुल करीमखाँसाहेबांचं बघा. बडोद्याहून निघालेले, मिरजेत स्थिरावलेले. त्यांची मुलगी हिराबाई आईबरोबर वडलांपासून दूर राहिली, आईचे कष्ट बघत मोठी झाली, अब्दुल वहीदखाँसाहेबांकडे शिकली आणि तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत गणली गेली. बडोदेकर हे नाव लावून. ही जिवंत झरीनाच होती की! बाप मोठा गवई, मुलगी त्याच्याच किराणा गायकीची, आणि तिनं कुणाच्या हवेलीची वाट बघितली नाही.

आणि आमच्या बाजूच्या गंगूबाई. हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जायच्या, धडे घेऊन परत यायच्या, घरी संसार होताच. घशाच्या आजारानं त्यांचाही आवाज बदलला. बारीक गोड गळा गेला, त्या जागी जाड, भारदस्त, पुरुषी म्हणावा असा आवाज आला. दुसरी कुणी असती तर संपली असती. गंगूबाई त्याच आवाजानं आयुष्यभर गायल्या आणि लोकांना तोच आवाज हवासा झाला. पंडितजींची कथा बघताना मला त्या सारख्या आठवत होत्या. आवाज गेला की गायक संपतो, हे नाटकाचं म्हणणं. आमच्या भागातल्या दोन मोठ्या माणसांनी ते आधीच खोटं पाडलेलं होतं.

ह्या बायका कुठून आल्या, त्यांना काय सोसावं लागलं, हे मी सोपं करून सांगत नाही. त्यांतल्या बहुतेक जणी कलावंत घराण्यांतल्या. ‘चांगल्या घरच्या’ बायकांनी त्यांना आपल्या हळदीकुंकवाला बोलावलं नाही आणि त्यांच्या तबकड्या मात्र विकत घेतल्या. त्यांचं गाणं घरात आलं, त्या दाराबाहेर राहिल्या. दारव्हेकर मास्तरांना हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. ज्यांच्या संगतीनं हे नाटक उभं राहिलं, ते अभिषेकीबुवा तर ज्या मातीतून ह्या गायिका आल्या त्याच मातीतले. म्हणून तर मला जास्त लागतं. एवढा खजिना हाताशी असताना निवडलं काय, तर दोन पुरुषांच्या मानापमानाची गोष्ट आणि तिसऱ्या पुरुषाच्या हाती वारसा.

माझ्या सांगण्यातही एक बाजू आहे, ती लपवण्यासारखी नाही. आमच्या मुलींना पुराण सांगायला घेतलं की मी नेहमी त्याच प्रसंगापासून सुरुवात करते. आदिनाथांनी ब्राह्मी आणि सुंदरी ह्या आपल्या दोन्ही मुलींना मांडीवर घेतलं. एका हातानं ब्राह्मीला अक्षरं शिकवली, दुसऱ्या हातानं सुंदरीला अंक. भरत-बाहुबलींसारखे मुलगे असताना लिपी गेली ती मुलीच्या हाती, आणि त्या लिपीला नावही तिचंच. ज्या घरात ही गोष्ट रोज सांगितली जाते, त्या घरातली बाई उमेकडे बघून गप्प कशी बसेल?

अर्थात गोष्ट सांगणं वेगळं आणि घर वेगळं. ब्राह्मी-सुंदरीची गोष्ट सांगणाऱ्या आमच्याच समाजात मुलींना पेटी शिकवली जायची ती कशासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. बघायला आलेले पाहुणे विचारत, “मुलीला गाणं येतं का?” आलं तर एक अंग भरलं. स्थळ पक्कं झालं की पेटीचं काम संपलं. पंचकल्याण पूजेला संगीत मंडळी बाहेरगावाहून येत, सगळे पुरुष, आणि त्यांच्या मागं झेल धरायला घरच्याच बायका. त्यातली एखादी त्यांच्यापेक्षा सुरेल असायची. ती कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि माइक तिच्यापर्यंत कधी जायचा नाही. तेव्हा कुणी म्हणू नये, की मी संस्थानी हवेलीवर बोट ठेवून आपलं अंगण सारवून घेते.

‘कट्यार’ लोकांना इतकी का आवडते, ह्याचं उत्तर कदाचित ह्याच अंगणात असेल. बायकांना सदाशिव आवडतो. जाऊबाईंना मी विचारलं होतं, तुम्हाला त्यात नेमकं काय आवडतं? त्या पटकन म्हणाल्या, “तो भांडी घासता घासता शिकतो ना, ते.” मी त्यावर खूप विचार केला. भांडी घासता घासता शिकलेल्या आपण सगळ्याच. फरक एवढाच, की त्याला शेवटी समोर बसवून ऐकलं जातं. जाऊबाई रडतात ते ह्या ठिकाणी, हे मला समजतं. पण मग त्या जागी झरीनाला बसवलं असतं तर त्या जास्त रडल्या असत्या की कमी, हे त्यांना विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

नाटकातल्या उर्दूबद्दल, पोशाखांबद्दल, चित्रपटातल्या झगमगाटाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यात रस नाही. पंडितजी सोशिक आणि खाँसाहेब उद्धट, ही वाटणीही मला खटकते. ज्या मिरज-कोल्हापुरात खाँसाहेबांनीच घरोघरच्या मुलींना गाणं दिलं, तिथं ही वाटणी टिकत नाही. पण खाँसाहेबांना अभिषेकीबुवांनी इतकं जबरदस्त गाणं दिलंय की ऐकणारा त्यांच्या बाजूला जातोच. लेखकानं जो पलडा खाली केला तो संगीतकारानं वर उचलला, असं म्हणायचं.

आमची थोरली बहीण, अक्का, हिला चांगलं गाणं होतं. मिरजेची पेटी होती तिची, वडलांनी हौसेनं आणलेली. लग्न ठरलं त्या वर्षी ती माळ्यावर गेली. अक्का आता सत्तरी ओलांडून गेली. महावीर जयंतीला मंडळात मागं बसून म्हणते, अजून सूर हलत नाही. मागच्या महिन्यात मी शिडी लावून पेटी खाली काढली. भाता उंदरांनी कुरतडलाय, दोन पट्ट्या दबून राहतात, पण काळी पाच दाबली की अजून स्वच्छ वाजते. मिरजेला नेली तर दुरुस्त होईल म्हणतात. येत्या शनिवारी नेणार आहे.